बाळाचे वरचे अन्न घरी शिजवणे आणि गोठवून ठेवणे

बाळ सहा महिन्यांचे झाले की दुधाबरोबर त्याला वरचे अन्न लागते, आणि पहिले काही दिवस ते एका वेळी दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त खात नाही. तेवढ्यासाठी रोज भाजी सोलायची, वाफवायची, वाटायची, गाळायची आणि वर मिक्सरचे भांडे घासायचे, हे फार दिवस कोणालाच जमत नाही. एकदाच बेताचे शिजवून लहान क्यूबच्या रूपात गोठवून ठेवण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली आहे, आणि काळजीपूर्वक केली तर ती सुरक्षितही आहे. फक्त एक हिशेब आधीच मनाशी पक्का असावा. फ्रीजरमधले अन्न महिनोन्महिने आहे तसेच राहते, बाळ मात्र तसे राहत नाही. सहाव्या महिन्यात मऊसूत गर खाणारे बाळ आठव्या महिन्यात कुस्करलेले, थोड्या गुठळ्या असलेले अन्न खाऊ लागते. त्यामुळे ‘हे किती दिवस टिकेल’ याआधी ‘हे किती दिवसांत संपेल’ असे विचारावे आणि त्या बेतानेच शिजवायला घ्यावे.

सुरुवात केव्हा करावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहार सुरू करून दूधही चालू ठेवावे. सहा महिन्यांचा हा आकडा उगाच ठरलेला नाही. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा साधारण याच सुमारास संपत येतो, आणि वाढत्या बाळाची गरज केवळ दुधातून पूर्ण होईनाशी होते. तारखेबरोबर बाळाकडेही पाहावे. आधार दिल्यावर ते बसते का, मान स्वतः सावरते का, आणि तोंडात घातलेला घास जिभेने बाहेर न ढकलता गिळते का, या तीन गोष्टी जमत असतील तर बाळ तयार आहे असे समजावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याला काही आजार असेल, तर सुरुवातीची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

कशाचे क्यूब करावेत

गाजर, लाल भोपळा, रताळे, वाटाणा, फ्लॉवर, सफरचंद आणि नाशपाती हे पदार्थ शिजवून वाटल्यावर चांगले गोठतात आणि वितळल्यावरही त्यांची चव फारशी बदलत नाही. म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि, माझ्या मते, इथेच फार काळ रेंगाळतात. गोड भाज्या आणि फळे बाळाला आवडतात हे खरे, पण त्यांत लोह फार थोडे असते. सहा महिन्यांनंतर ज्याची खरी उणीव भासते तो घटक लोह आहे, तेव्हा फ्रीजरमधला निम्मा साठा डाळी, कडधान्ये आणि, घरात खात असतील तर, मांस, मासे यांचा असावा. डाळी-कडधान्यांतले लोह शरीरात कमी शोषले जाते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असलेले काही दिले, उदाहरणार्थ टोमॅटो, फ्लॉवर किंवा एखादे आंबट फळ, तर ते अधिक शोषले जाते. डाळीचा एक क्यूब आणि फ्लॉवरचा एक क्यूब एकत्र गरम करण्यामागे हे कारण आहे.

सुरुवातीला प्रत्येक क्यूब एकाच पदार्थाचा असावा. मिश्रणे वाटीत करता येतात, ट्रेमध्ये करण्याची घाई नको. नवा पदार्थ एकेक करून द्यावा आणि दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे, म्हणजे अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर कशामुळे झाले ते कळते. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. ॲलर्जीच्या भीतीने अंडे, शेंगदाणा यांसारखे पदार्थ वर्षभर लांब ठेवण्याचा सल्ला पूर्वी दिला जात असे, आणि तो आता मागे पडला आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयापर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळ कमी आढळली. अर्थात शेंगदाणा द्यायचा तो गुळगुळीत वाटून, गरात पातळ करून. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून तो पाच वर्षांपर्यंत देऊ नये. बाळाला तीव्र इसब असेल तर शेंगदाणा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

मीठ आणि साखर घालू नये. मोठ्यांना तो गर अळणी लागेल, पण तो मोठ्यांसाठी नाही. मध एक वर्षापर्यंत कोणत्याही स्वरूपात देऊ नये, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि घरगुती स्वयंपाकाच्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. म्हणजे शिजवताना घातलेला मधही तितकाच वर्ज्य. गाईचे दूध शिजवताना थोडे वापरले तर हरकत नाही, पण एक वर्षापर्यंत ते पिण्याचे मुख्य दूध असू नये.

पालक आणि बीट यांच्याबाबत एक वेगळी खबरदारी आहे. या भाज्यांत नायट्रेट जास्त असते, आणि शिजवलेला गर तसाच ठेवला तर जिवाणू त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करते आणि त्याचा त्रास लहान बाळांना अधिक होतो. सहा महिन्यांनंतर या भाज्या बेताने द्यायला हरकत नाही, पण त्यांचे शिजवलेले पाणी टाकून द्यावे, गर लगेच भरवावा किंवा थंड होताच गोठवावा, आणि फ्रीजच्या खणात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

तयारी आणि शिजवणे

यंत्रसामग्री फारशी लागत नाही. झाकणाचे पातेले आणि त्यात बसणारी वाफवायची जाळी, मिक्सर, बारीक जाळीची चाळणी, झाकण असलेले बर्फाचे ट्रे, फ्रीजरमध्ये चालणाऱ्या पिशव्या आणि नावे लिहायला चिकटपट्टी एवढ्यात काम भागते. ट्रे सिलिकॉनचा असेल तर क्यूब मागून दाबून सहज निघतात. बाळाच्या अन्नासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास यंत्रांची गरज मला कधी पटलेली नाही.

सुरुवात हात साबणाने धुण्यापासून करावी. मिक्सरच्या पात्याखालची रबरी चकती काढून घासावी, कारण जुने अन्न नेमके तिथेच साचते. कच्चे मांस किंवा मासे ज्या सुरीने आणि पाटावर कापले, तिथे फळे-भाज्या चिरू नयेत. फळे-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात, साले, देठ, बिया, शिरा आणि डागाळलेला भाग काढावा आणि साधारण सारख्या आकाराच्या फोडी कराव्यात, म्हणजे त्या एकाच वेळी शिजतात.

भाज्यांसाठी उकळण्यापेक्षा वाफवणे बरे, कारण क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. फोडी बोटांनी दाबल्यावर सहज चेपल्या गेल्या पाहिजेत. मोठ्यांच्या भाजीला जो करकरीतपणा चालतो तो इथे चालत नाही. खाली उरलेले पाणी, पालक-बीट सोडून इतर भाज्यांचे, गर पातळ करण्यासाठी वापरावे. सफरचंद आणि नाशपाती थोड्या पाण्यात झाकण ठेवून आठ-दहा मिनिटांत मऊ होतात.

कडधान्ये रात्रभर भिजवावीत, भिजवलेले पाणी टाकावे आणि ताज्या पाण्यात ती पूर्ण शिजवावीत. राजमा कमी शिजला तर त्यातल्या लेक्टिन या घटकामुळे उलट्या-जुलाब होतात, तेव्हा त्याला निदान दहा मिनिटे खळखळून उकळी हवीच, आणि त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवणे वेगळे. मांस आतपर्यंत शिजलेले असावे, मधला भाग गुलाबी दिसू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर कोंबडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. माशाचे काटे शिजवल्यावर बोटांनी चाचपून काढावेत, नुसत्या नजरेवर विसंबू नये. अंड्याचा पांढरा आणि पिवळा हे दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवावेत.

वाटणे आणि दाटपणा

शिजलेल्या फोडी आधी पाणी न घालता एकदा फिरवाव्यात आणि मग चमच्या-चमच्याने पाणी घालत हवा तेवढा दाटपणा आणावा. आरंभी चमचा तिरका केल्यावर गर सावकाश ओघळेल, पण पाण्यासारखा वाहणार नाही, इतपत ठेवावा. फार पातळ अन्नाने बाळाचे इवलेसे पोट भरते, पण ऊर्जा पुरेशी मिळत नाही. गोठवण्यासाठी तर गर जरा दाटच असू द्यावा, कारण वितळताना तो पाणी सोडतो आणि पातळ करणे नंतर केव्हाही जमते. वाटाण्याची आणि कडधान्यांची साले मिक्सरमध्ये पूर्णपणे वाटली जात नाहीत, म्हणून पहिले काही आठवडे हे गर चाळणीतून दाबून गाळावेत. मांस एकटे वाटले तर भुरभुरीत होते. त्यात शिजलेले रताळे किंवा भोपळा आणि थोडे शिजवलेले पाणी घातले की ते मऊ होते. बटाटा मात्र मिक्सरमध्ये घालूच नये. पात्याने त्यातला स्टार्च मोकळा होऊन खळीसारखा चिकट गोळा तयार होतो, आणि मग त्याचे काहीच करता येत नाही. तो काट्याने कुस्करावा.

आईचे दूध किंवा पावडरचे दूध गरात मिसळायचे असेल तर ते भरवण्याच्या वेळी मिसळावे, गोठवण्यापूर्वी नाही. एकदा गोठवून वितळवलेले आईचे दूध पुन्हा गोठवता येत नाही, आणि ट्रेमध्ये दूध गेले की कोणता क्यूब कसा वापरायचा याचा घोळ होतो. तेल किंवा लोणीही वाटीतच घालावे.

थंड करणे

सगळ्या प्रक्रियेत चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त या टप्प्यावर असते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि ओट्यावर झाकून ठेवलेले पातेले तासन्‌तास याच पट्ट्यात असते. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि उन्हाळ्यात हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये जावे. भाताबाबत तर अधिकच घाई करावी. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही.

लवकर थंड करण्याचा उपाय साधा आहे. गर खोल पातेल्यात न ठेवता पसरट ताटात दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरावा, ते ताट बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवावे आणि मधून मधून ढवळावे. गर वीस-पंचवीस मिनिटांत हाताला थंड लागतो. वाफाळता गर सरळ फ्रीजरमध्ये ठेवला तर आजूबाजूचे गोठलेले पदार्थ सैल पडतात आणि झाकणाखाली जमलेली वाफ पुढे बर्फ होऊन वर बसते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. फ्रीजरमध्ये जे जसे गेले ते तसेच बाहेर येणार, म्हणून बाळाचे अन्न ताजे असतानाच गोठवावे. काल उरले आणि आज खराब होईल असे वाटले म्हणून गोठवणे, हा हिशेब बाळाच्या अन्नाला लागू होत नाही.

गोठवणे

थंड झालेला गर ट्रेच्या खणांत भरावा, वरून थोडी जागा सोडावी आणि झाकण लावावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. काचेच्या बरण्या काठोकाठ भरल्या तर तडकतात त्या याच कारणाने. खण १५ ते ३० मिलिलिटरचे असावेत. लहान क्यूबमुळे मात्रा मोजता येते हा एक फायदा, पण दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. गर जितका सावकाश गोठतो तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात आणि वितळल्यावर गर पाणचट आणि रवाळ लागतो. लहान क्यूब लवकर गोठत असल्यामुळे हे नुकसान कमी होते. ट्रे फ्रीजरमध्ये तळाशी किंवा मागच्या भिंतीला टेकून, एकावर एक न रचता ठेवावेत. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे. एक लहानसा थर्मामीटर आत ठेवला तर दार वारंवार उघडण्याने काय होते तेही दिसते.

क्यूब दगडासारखे कडक झाले की, म्हणजे साधारण एका रात्रीत, ते पिशवीत काढावेत, हवा दाबून बाहेर घालवावी आणि पिशवी बंद करावी. ट्रेमध्येच आठवडेच्या आठवडे ठेवले तर वरचा थर सुकून पांढुरका पडतो. ते अन्न खराब नसते, पण बेचव होते. पिशवीवर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहावी. ‘हे तर ओळखू येईल’ असा विश्वास बाळगणाऱ्याने गोठलेले गाजर, भोपळा आणि रताळे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

फळे आणि भाज्यांचे क्यूब तीन महिन्यांपर्यंत चांगले राहतात. मांस, मासे किंवा ते घातलेली मिश्रणे एक ते दोन महिन्यांत संपवावीत. मी स्वतः सगळ्यांसाठी सहा आठवड्यांची एकच मर्यादा धरते, कारण तेवढ्या काळात बाळाच्या खाण्याचा पोत बदलतोच. न गोठवता फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवलेला भाज्या-फळांचा गर दोन दिवस आणि मांस, मासे किंवा अंडे घातलेला गर एकच दिवस वापरावा.

एका वेळी किती करावे

अर्धा किलो गाजरांपासून ३० मिलिलिटरचे साधारण सोळा ते अठरा क्यूब होतात. पहिल्या आठवड्यात बाळ दिवसाला एखादा क्यूब खाते, आणि तेही फक्त गाजर नव्हे. म्हणजे अर्धा किलो गाजर एका बाळाला तीन-चार आठवडे पुरते. पहिल्या उत्साहात दोन किलो शिजवणाऱ्यांचा फ्रीजर केशरी होतो आणि बाळ पुढे निघून जाते. पाच-सहा पदार्थांचे आठ-दहा क्यूब असा साठा सुरुवातीला पुरेसा आहे. आठव्या महिन्यापर्यंत बाळ एका वेळी अर्धी वाटी, म्हणजे १२५ मिलिलिटरच्या आसपास, दिवसातून दोन-तीन वेळा खाऊ लागते, तेव्हा एका जेवणाला चार क्यूब लागतात आणि मात्रा वाढवता येते. बाळाने एखादी भाजी थुंकली म्हणून तिचे उरलेले क्यूब फेकू नयेत. नवी चव पटायला आठ-दहा वेळा चाखावी लागणे अगदी सामान्य आहे, आणि त्यासाठी गोठवलेला एकेक क्यूब फार उपयोगी पडतो.

सातव्या-आठव्या महिन्यापासून नवा साठा करताना तो मिक्सरऐवजी काट्याने कुस्करावा. गुठळ्या असलेले अन्न नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत सुरूच झाले नाही तर पुढे मुले चावायचे पदार्थ नाकारण्याची शक्यता वाढते. बाळाला उशीर लावण्याचा फ्रीजरचा हेतू नसतो, पण मऊ गराच्या दहा पिशव्या समोर दिसल्या की आपण त्या संपवत बसतो.

केळे आणि ॲव्होकॅडो गोठवण्याच्या भानगडीत पडू नये. ती शिजवावी लागत नाहीत, काट्याने क्षणात कुस्करली जातात आणि गोठवली तर काळी पडतात. काकडी, कलिंगड यांसारखी पाणीदार फळे वितळल्यावर लिबलिबीत होतात. बटाटा गोठवल्यावर रवाळ होतो.

वितळवणे, गरम करणे, भरवणे

उद्या लागणारे क्यूब आज रात्री झाकणाच्या वाटीत काढून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवावेत आणि वितळल्यावर २४ तासांत वापरावेत. घाई असेल तर क्यूब सरळ लहान पातेल्यात, चमचाभर पाण्याबरोबर, मंद आचेवर ठेवावेत. ओट्यावर ठेवून वितळवू नयेत. बाहेरचा भाग उबदार होतो तेव्हा आतला भाग बर्फच असतो, आणि जिवाणूंना बाहेरचा भाग पुरतो.

गर नुसता कोमट न करता आतपर्यंत वाफ येईस्तोवर तापवावा आणि मग थंड होऊ द्यावा. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत तापवावा आणि नीट ढवळावा, कारण त्यात अन्न सारखे तापत नाही. एका ठिकाणी कोमट लागणारा गर दुसऱ्या ठिकाणी तोंड भाजण्याइतका गरम असू शकतो. भरवण्यापूर्वी थेंबभर गर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. एकदा गरम केलेला गर दुसऱ्यांदा गरम करू नये, आणि वितळलेला पुन्हा गोठवू नये. बाजारातून आणलेले गोठवलेले कच्चे वाटाणे शिजवून त्यांचा गर गोठवायला मात्र हरकत नाही, कारण मधे ते शिजलेले असतात.

बाळाला भरवायचे तेवढेच वेगळ्या वाटीत घ्यावे. चमचा तोंडातून वाटीत परत जातो तेव्हा लाळेतले जिवाणू आणि पाचक द्रव्ये गरात मिसळतात, म्हणून त्या वाटीत उरलेले टाकूनच द्यावे. वाटीत न काढलेला वितळलेला गर गरम केलेला नसेल तर तो फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी वापरता येतो.

वीज गेली तर फ्रीजरचे दार उघडू नये. भरलेला फ्रीजर दार बंद असताना साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गार राहतो. नंतर क्यूब कडक असतील तर ठीक, पण मऊ झाले असतील किंवा एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला असेल तर ते बाळाला देऊ नयेत. दहा क्यूब गेल्याचे वाईट वाटेल, पण त्यांत अर्ध्या तासाच्या कामापलीकडे काही नसते.

बाळ घरचे जेवण कुस्करून खाऊ लागले की फ्रीजरच्या तळाशी मऊ गराच्या दोन-चार पिशव्या हमखास उरतात. त्यांची मुदत संपलेली नसेल तर भाज्यांचे क्यूब मोठ्यांच्या सूपमध्ये किंवा रश्श्यात दाटपणासाठी घालावेत, फळांचे दह्यात किंवा केकच्या पिठात मिसळावेत, आणि रिकामे ट्रे घासून बर्फासाठी परत ठेवावेत.